उनाच्या मागाचा धोटा

मी एक धोटा आहे. लिननच्या गिरणीतला, लोखंडी टोकांचा, चिनीमातीच्या डोळ्याचा. ताणलेल्या दोऱ्यांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं आणि पळता पळता मागे बाण्याचा, म्हणजे आडवा, दोरा सोडत जायचं, एवढाच माझा जन्माचा धंदा. हल्ली मी पळत नाही. किलनाब्रॅक गावच्या बंद पडलेल्या गिरणीचं आता संग्रहालय केलंय, त्यातल्या एका टेबलावर पडून असतो. टेबलावर पाटी आहे, 'हात लावून पाहा'. लोक हात लावतात, उलटासुलटा करतात आणि ही होडी आहे का म्हणून विचारतात. पूर्वी मला याचा राग यायचा. आता होडी तर होडी.

एक गोष्ट मात्र मला अजून सहन होत नाही. ती शेवटी सांगतो, कारण आधी सांगितली तर तुम्ही मला वेडा म्हणाल.

माझं लाकूड समुद्रापलीकडून, अमेरिकेतून आलं. फार चिवट लाकूड. हत्याराची धार बोथट होते म्हणून सुतार सारखा कुरकुरत होता. मग मला तेलात मुरवलं, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या बसवल्या, पोटात दोऱ्याची कांडी मावेल अशी खोबण कोरली आणि कुशीला भोक पाडून त्यात चिनीमातीचा गोल डोळा बसवला. शेवटी तापल्या सळईने माझ्या पाठीवर 'ग्रीव्ह आणि मंडळी' असं कंपनीचं नाव डागलं. त्या नावाचा मला भारी अभिमान वाटला. गावातली निम्मी घरं त्याच नावाची होती, शाळा त्याच नावाची, आणि टेकडीवरच्या दफनभूमीतला एक कोपरासुद्धा ग्रीव्ह कंपनीचाच होता.

मागांच्या शेडमध्ये मला आणलं तेव्हा मी हादरूनच गेलो. इतके माग एकदम चालू, की तो आवाज कानाने ऐकायचा उरत नव्हता, थेट हाडांत शिरत होता. लिननचा दोरा कोरड्या हवेत तुटतो म्हणून वाफ सोडलेली, खिडक्या गच्च बंद. बायकांचे कपडे सकाळी अंगावर भिजायचे ते संध्याकाळपर्यंत तसेच. भोंगा झाला की त्याच ओल्या कपड्यांनी त्या बाहेरच्या गारठ्यात निघायच्या. खोकत खोकत घरी जायच्या आणि सकाळी खोकत परत यायच्या.

अशा आवाजात बोलणार कसं? बायकांनी त्यावर आपली तोड काढली होती. त्या ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड मोठं करून शब्द चेहऱ्यावर मांडायचा. समोरची मागांच्या चार रांगा पलीकडे असली तरी वाचायची आणि उत्तर द्यायची. कोणाचा नवरा पिऊन पडला, कोणाला दिवस गेले, आज बटाट्यांत काय घालायचं, सगळं या ओठांवरच चालायचं. मुकादम स्पेन्स रांगेतून फिरत असायचा आणि बायका त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गोड हसायच्या. तो पण हसायचा बिचारा.

आता माझ्या डोळ्याविषयी सांगितलं पाहिजे. कांडीवरचा दोरा संपला की नवी कांडी बसवायची आणि तिचं टोक माझ्या डोळ्यातून बाहेर काढायचं. त्यासाठी तारेची आकडी असायची, पण आकडीला वेळ लागतो, आणि मजुरी कापडाच्या मापावर. त्यापेक्षा डोळ्याला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, की दोरा सुळकन तोंडात येतो. दोऱ्याबरोबर भुसा येतो, तेल येतं, आणि आधीच्या बाईच्या तोंडात जे असेल तेही येतं. बायका याला धोट्याचा मुका म्हणून हसायच्या. धोटा बाईचा नसतो, मागाचा असतो. बाई आजारी पडली, की दुसरी त्याच मागावर उभी राहते आणि त्याच डोळ्याला ओठ लावते. यातून रोग पसरतो, हे कंपनीच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं. साहेबांनी ऐकूनही घेतलं होतं.

उना टोनर माझ्या मागावर आली ती पुढे, मोठी झाल्यावर. पण गिरणीत आली तेव्हा तिची हनुवटी मागाच्या आडव्या दांड्याला जेमतेम लागत होती. एक दिवस शाळा आणि एक दिवस गिरणी, अशी पोरं तेव्हा कामाला घ्यायचे. बारा वर्षं पुरी पाहिजेत असा कायदा होता, आणि उनाला पुरी व्हायला अजून दोन वर्षं होती. तिची थोरली बहीण विनिफ्रेड, घरची विनी, घटसर्पाने गेली होती. विनीचा जन्मदाखला आईने पेटीत जपून ठेवला होता. तोच तिने उनाच्या हातात दिला आणि गिरणीच्या दारात पाठवलं.

ही युक्ती गावाला नवी नव्हती. अर्ध्या गल्लीतली पोरं मेलेल्या भावंडांच्या दाखल्यावर कामाला लागली होती. मास्तरांना माहीत होतं, पाद्रीबाबांना माहीत होतं. साहेबांनाही माहीत असणार, पण लहान हात मागाखाली सहज शिरतात, तेव्हा कोण कशाला विचारतंय.

पहिल्या दिवशी माग सुरू व्हायच्या आधी स्पेन्सने नावं पुकारली. "विनी टोनर." पोरगी उभीच. त्याने पुन्हा पुकारलं, तरी ही भिंतीकडे बघतेय. स्पेन्सने जवळ येऊन तिच्या कानाखाली वाजवली आणि बहिरी आहेस का म्हणून विचारलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की विनी म्हणजे आता आपण.

शेजारच्या मागावर मिना क्रोझियर होती. तोंडाने फटकळ, पण मनाने चांगली. चहाच्या सुट्टीत तिने आपल्या डब्यातला सोडा-पावाचा तुकडा या पोरीला दिला. पोरगी तो हातात धरून हळूच म्हणाली, "मी विनी नाही. विनी मेली. मी उना."

मिनाने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "हे इथे बोलायचं नाही, पोरी. आईला कोर्टात उभी करतील आणि तुझं कामही जाईल." मग पोरीचा चेहरा बघून तिला राहवेना. ती म्हणाली, "माग सुरू झाले की म्हण. मग हवं तेवढ्यांदा म्हण. इथे कोणाला ऐकू येतंय?"

माग सुरू झाले. ती चिमुरडी माझ्यासमोर उभी राहून ओठांनी म्हणत होती, उना, उना, उना. मिनाने ते वाचलं आणि पलीकडच्या रांगेला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडला कळलं. त्या दिवसापासून स्पेन्सच्या तोंडी ती विनी आणि बायकांच्या ओठांवर उना. गिरणीत उना हे नाव कोणी मोठ्याने कधी घेतलं नाही.

घरी तरी मोठ्याने घेत असतील असं मला वाटायचं. पण तिची आई धास्तावलेली. बाहेर कुठे तोंडातून निघून जाईल या भीतीने तिने घरातही विनीच म्हणायला सुरुवात केली. मग तिला ते बरंही वाटू लागलं असावं. मेलेली पोर रोज संध्याकाळी जेवायला घरी येत होती. उनाने हे एकदा मिनाला सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

वयाची अडचण संपली तरी नाव सुटलं नाही. पगाराच्या पाकिटावर विनी, आजारपणाच्या फंडात विनी. खरं नाव सांगायचं तर इतकी वर्षं खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि मग काम कोणी ठेवलं असतं? आयुष्यात एकदाच, लग्नाच्या दिवशी, पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये उना म्हणून हाक मारली. ती दचकली आणि मागे वळून बघायला लागली, असं मिनाने दुसऱ्या दिवशी सगळ्या रांगेला करून दाखवलं. बायका हसून हसून लोटपोट झाल्या. गिरणीत लग्नानंतरही बाई माहेरच्याच नावाने ओळखली जाते, त्यामुळे टोनर काही गेलं नाही.

नवरा ग्लासगोचा, कोळशाच्या बोटीवर कामाला. चांगला होता म्हणे. मुलगी पाळण्यात असतानाच धक्क्यावर साखळी तुटून तो गेला. मुलीचं नाव डेलिया.

माझा माग उनाला मिळाला तो याच सुमाराला. तिच्या आधी तिथे जी बाई होती ती खोकून खोकून गेली होती. आठवडाही रिकामा गेला नाही. माग तोच, धोटा तोच. उनाने कांडी बसवली, माझ्या डोळ्याला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण लाकडाला तोंड कुठलं.

दोन हिवाळे तिने काढले. मग तिचे ओठ गरम लागायला लागले. एके दिवशी दोरा गुलाबी निघाला. तिने तो तोडून खिशात टाकला, पुन्हा ओढला, तर पुन्हा तसाच. कापडाला डाग पडला तर पगारातून कापतात, म्हणून ती घाबरून इकडेतिकडे बघायला लागली. मिनाने बघितलं. 

भोंग्याच्या वेळी उनाची आई डेलियाला घेऊन दारात यायची. पूर्वी उना धावत जाऊन तिला कडेवर घ्यायची. आता ती दूरच उभी राहायची. पोर हात पसरायची आणि ही मागे सरकायची. हे मला मागावरून दिसायचं, आणि त्याचा अर्थ मला त्या पोरीपेक्षा बरा कळत होता.

उना मग आलीच नाही. गावाबाहेरच्या क्षयाच्या इस्पितळात तिला ठेवलं होतं. ती गेल्याची बातमी मिनाच्या ओठांवरून शेडभर गेली, आणि त्या दिवशी बायकांनी पहिल्यांदाच काही न बोलता कापड विणलं. अंत्यविधीचा खर्च फंडातून झाला. टेकडीवर कंपनीच्या कोपऱ्यात जो दगड लागला, त्यावर अर्थातच फंडातलं नाव होतं, विनिफ्रेड टोनर. खरी विनी गरिबांच्या खड्ड्यात, बिनदगडाची. डेलियाला तिची आत्या ग्लासगोला घेऊन गेली.

मिनाने स्पेन्सला सांगितलं, हा धोटा जाळा. स्पेन्स म्हणाला, धोटा चांगला आहे, धोटे काय झाडाला लागतात? तेव्हा तिने माझ्या कमरेला लाल दोरा घट्ट बांधला आणि मला मागाच्या खाली, भुश्याच्या ढिगात खोल दडवलं. स्पेन्सने दोन दिवस शोधलं आणि नवा धोटा मागवला. मी तिथेच राहिलो. डोक्यावर माग चालायचा, अंगावर भुसा पडायचा, उंदीर यायचे. मला वाईट वाटलं नाही. त्या अंधारात निदान कोणी माझा मुका घेत नव्हतं.

वर बायका बदलत होत्या. पण एक रीत राहिली. त्या मागाला कोणी नंबराने ओळखत नव्हतं. उनाचा माग, असंच म्हणायच्या, अर्थात ओठांनी. नव्या पोरींना मिना सांगायची, उनाच्या मागावर जा. उना कोण हे कोणी विचारलं तर ती म्हणायची, जिचा माग, ती. या पोरींपैकीच एक टिली मॅगिनिस. जिभेला हाड नसलेली, उंच, लाल केसांची. मिना म्हातारी झाली होती तेव्हा तिने टिलीला एकदा वाकून भुश्यातला मी दाखवला होता आणि सांगितलं होतं, लाल दोऱ्याला हात लावायचा नाही.

पुढे गिरणी बंद पडली. माग भंगारात गेले, थोडे ठेवले. साफसफाईत मी सापडलो, आणि कोणा हौशी माणसाने मला पुसून टेबलावर मांडलं. लाल दोरा तेवढा राहू दिला, सजावट म्हणून. टिली आता म्हातारी झालीय. आठवड्यातून तीनदा ती येते आणि पाहुण्यांसाठी एक माग चालवून दाखवते. आल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे बघते आणि मान हलवते. आमची ओळख एवढीच.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई आली. चाळिशीची, खांद्याला पिशवी, डोळ्यांखाली काळं. नाव शोना. ग्लासगोहून रात्रीच्या बोटीने आली होती आणि त्याच रात्री परत जाणार होती. दारातल्या कोलमला तिने विचारलं की उना टोनर नावाची बाई इथे कामाला होती का. कोलम सज्जन मुलगा. त्याने कंपनीची सगळी जुनी नावं लावून ठेवलीत. त्याने दोनदा शोधून सांगितलं, उना नाही. विनिफ्रेड टोनर आहे, पण ती वेगळी. शोनाने आभार मानले. तिला याची सवय झालेली दिसत होती.

जाता जाता ती शेडमध्ये डोकावली. टिलीचा माग धडधडत होता. शोनाला वाटलं, एवढ्या लांब आलोय तर या बाईंनाही विचारावं. ती ओरडून म्हणाली, "उना टोनर. उना टोनर माहीत आहे का?" मागाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नसेल.

टिलीला तर काहीच ऐकू आलं नाही. पण तिने ओठ वाचले. आयुष्यभर तिने ते नाव असंच, नुसतं ओठांवर बघितलं होतं. तिने माग बंद केला. इतकी शांतता झाली की मला माझ्या लाकडाचा आवाज येईल असं वाटलं.

"परत म्हण," टिली म्हणाली. "आवाज नको. नुसतं म्हण."

शोनाने ओठ हलवले. टिलीने ते नाव पुन्हा वाचलं. मग बाकावर बसली आणि तिलाही बसवलं. विनी आणि उना हा काय घोळ आहे, हे तिला क्षणात कळलं. तिच्या स्वतःच्या आईने मेलेल्या मामाच्या दाखल्यावर काम केलं होतं, मुलगी असून, आणि कोणी हू की चू केलं नव्हतं. कोलमला हे कुठून माहीत असणार, तो पुस्तकं वाचून मोठा झालेला.

मग शोनाने सांगितलं ते असं. डेलिया तिची आजी. नव्वदी उलटली, अंथरुणाला खिळलेली, फार दिवस नाहीत. डेलियाला आपल्या आईची एकच आठवण आहे. एक बंद खिडकी. काचेच्या आत आई, बाहेर आत्याच्या कडेवर आपण. आई तोंड मोठमोठं करून काहीतरी सांगतेय, आणि आवाज येत नाही. आत्या घाईघाईने तिथून घेऊन गेली, आणि आई पुन्हा दिसली नाही. आत्याने पुढे त्या माणसांचा विषयच काढला नाही; आईचं उना टोनर हे नाव तेवढं एकदा तिच्या तोंडून निघालं होतं. आई मुकी होती, असं डेलिया जन्मभर सांगत आली. म्हणून शोनाने वर्षानुवर्षं मुक्याबहिऱ्यांच्या शाळा धुंडाळल्या, आश्रम धुंडाळले. कुठेच काही नाही. मग इस्पितळात आजीच्या शेजारच्या खाटेवर गिरणीतली एक म्हातारी आली. तिची बहीण काचेबाहेर उभी राहून तिच्याशी बिनआवाजाच्या गप्पा मारत होती. ते बघून डेलिया उठून बसली आणि बोट दाखवून म्हणाली, "आई अशीच बोलायची." तेव्हा शोनाला उमगलं की पणजी मुकी नव्हती, मागावर होती. आत्या ज्या भागातून पोरीला घेऊन आली त्या भागातल्या मागांच्या कंपन्या तिने एकेक करून शोधल्या. ग्रीव्ह ही शेवटची.

"पण नाव शोधायला नाही आले मी," शोना म्हणाली. "आजीला हे पाहिजे." आणि तिने ओठ हलवले. डेलियाने आईच्या ओठांची ती हालचाल जपून ठेवली होती. रोज रात्री आरशासमोर करायची. मुलीला शिकवली, नातीला शिकवली. घरात लहान मुलांचा खेळच झाला होता तो. नक्की अर्थ कोणालाच माहीत नव्हता.

टिलीने ते बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "आजीला काय वाटतं, आई काय म्हणत होती?"

"'माझ्याकडे ये' असं. आई बोलावत होती आणि मी घाबरून आत्याच्या खांद्यात तोंड लपवलं, गेले नाही. एवढंच बोलते आता. झोपेतसुद्धा. आई बोलावत होती आणि मी गेले नाही."

"बोलावत नव्हती, बाळा," टिली म्हणाली.

मग काय म्हणत होती, शोनाने विचारलं.

"'जवळ येऊ नकोस' म्हणत होती. मी हे शब्द लहानपणापासून बघत आलेय. ज्या बाईला खोकला लागला, ती भोंग्याच्या वेळी दारात आलेल्या आपल्या पोराला हेच सांगायची. माझी मावशी मला सांगायची. बाळा, जवळ येऊ नकोस."

शोनाला रडू आलं. ती म्हणाली, हे मी आजीला कसं सांगू, ती आधीच अर्धी झालीय. टिली म्हणाली, तू सांगूच नकोस, मला दाखव ती.

शोनाने मोबाइल लावला. पडद्यावर उशीवरचा एक चेहरा आला, कातडं आणि हाडं, कान तर केव्हाच गेलेले. शोनाने मोबाइल टिलीच्या तोंडासमोर धरला. टिलीने केस नीट केले, तोंड पुसलं, आणि आवाज न काढता, सावकाश, ओठ मोठे करून ते शब्द म्हटले. त्या शेडमध्ये मी हजारो वेळा पाहिलेले शब्द. डेलियाने डोळे बारीक करून बघितलं. हाताने खूण केली, पुन्हा. टिलीने पुन्हा म्हटलं. मग शोनाने मोबाइल आपल्याकडे वळवून आजीला मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, आई बोलावत नव्हती, तुला वाचवत होती.

 मग म्हातारीचे ओठ हलले.

"काय म्हणाली?" शोनाने विचारलं.

टिलीचं नाक लाल झालं होतं. "'बरं, आई' म्हणाली," ती म्हणाली. तिने कामाच्या ॲप्रनने डोळे पुसले आणि ॲप्रनला शिवी दिली.

मग तिने शोनाला माझ्याकडे आणलं. लाल दोरा दाखवला. हा तिचा, ती म्हणाली, उनाच्या मागाचा. शोनाने मला दोन्ही हातांत उचललं. पणजीचे ओठ जिथे लागले होते तिथे तिला ओठ टेकायचे होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने मला वर नेलं. टिलीने तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको," टिली म्हणाली. "यातूनच गेली ती. नाव घे हवं तर. मोठ्याने घे. या शेडमध्ये ते अजून कोणाला ऐकू आलेलं नाही."

शोनाने मला खाली ठेवलं आणि बंद मागांकडे तोंड करून म्हटलं, "उना टोनर." छपरातली कबुतरं उडाली. कोलम धावत आला, काही पडलं का म्हणून बघायला.

डेलिया त्यानंतर आठवडाभरच होती, असं टिलीने मला सांगितलं. म्हणजे माझ्याशी नाही, कोलमशी बोलत होती, पण तोंड माझ्याकडे होतं. झोपेत बोलणं थांबलं होतं म्हणे. टेकडीवरच्या दगडावर अजून विनीच आहे. शोनाने अर्ज केलाय, पण कंपनी बुडाल्यावर तो कोपरा कोणाच्या मालकीचा, यावर नगरपालिका आणि चर्च भांडत बसलेत. उना तिथे बहिणीच्या नावाखाली आहे, आणि माझ्या मते दगड बदलेपर्यंत टिलीही राहणार नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जी मला सहन होत नाही. शाळेच्या सहली येतात. मुलं भली असतात, मला होडी म्हणतात, तलवार म्हणतात. पण धोट्याचा मुका हे कोलमने सांगितलं, की एखादी पोरगी हसत हसत मला तोंडाजवळ नेते आणि बाकीची फोटो काढतात. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांनी यात काही राहत नाही. डॉक्टरांचं खरं असेल. तरी मला त्या लहान ओठांकडे बघवत नाही. मी जीव तोडून उनाचेच शब्द म्हणतो. मला ओठ नाहीत, त्यामुळे ते कोणालाच वाचता येत नाहीत. म्हणून इथे सांगतोय, निदान तुम्ही तरी वाचा. मला हात लावा, उलटा करा, होडी म्हणा, खुशाल म्हणा. बाळांनो, तोंड जवळ आणू नका.